मिंकोवाबाईंची समोरची काच

बुधवार, ८ मे २०२४

डॉक्टर म्हणतात पोटातली जळजळ जेवणामुळे नाही, विचारांमुळे आहे. "एकच विचार दहा वेळा करू नका. एकदा लिहा आणि वही मिटा." म्हणून ही वही. चौकटींची घेतली, कारण रेघांच्या वहीत माझ्या ओळी वर चढत जातात.

नाव गालिन व्राचेव. वय चोवीस. शिक्षण दहावी, तीही अर्धी. काम देंचोमिस्त्रींच्या दुकानात गाड्यांच्या काचा बसवण्याचं, तीन वर्षं दोन महिने झाले. दुकान गाब्रोवोहून शिपकाच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्या रस्त्याने खडीचे ट्रक जातात, त्यामुळे आम्हाला कामाची कमतरता नसते.

ईस्टरची सुट्टी संपून आज दुकान उघडलं. मिस्त्रींच्या बायकोने, गेनाकाकूंनी, यंदाचं पहिलं लाल अंडं वर्षभर शुभ म्हणून फळीवर ठेवलं आणि गेल्या वर्षीचं उचललं. मिस्त्री म्हणाले, "राहू दे ते. पुढच्या ईस्टरला एक अंडं रंगवायचं वाचेल." हा विनोद असावा. गाब्रोवोची कंजुषी देशभर प्रसिद्ध आहे, इथे खात्री देता येत नाही.

आज घड्याळं दुरुस्त करणारे त्सोन्योकाका गाडी न्यायला आले. त्यांनी बाहेरची काच बसवून घेतली आहे, म्हणजे गाडीच्या कंपनीची नाही, दुसऱ्या कारखान्याची, स्वस्तातली. पैसे देताना हळूच विचारलं, "देंचो, जुन्या काचेच्या कोपऱ्यातला कंपनीचा शिक्का तेवढा कापून यावर चिकटवता येईल का रे?"

"येईल की. कापायची मजुरी कंपनीच्या काचेएवढी पडेल."

काका खरोखर विचारात पडले. त्यांच्या आरशाला मार्चमध्ये बांधायची लाल-पांढऱ्या दोऱ्याची मार्तेनित्सा अजून लटकते आहे. रिवाजाप्रमाणे फुललेल्या झाडाला का बांधली नाही, असं मी विचारलं. "पुढच्या मार्चमध्ये झाड परत देणार आहे का?" असं उत्तर मिळालं.

मग नेहमीप्रमाणे गेनाकाकू तांब्याची कळशी घेऊन आल्या. गाडी निघायच्या आधी तिच्यापुढे पाणी ओततात, म्हणजे वाट पाण्यासारखी सरळ जाते. पण काकूंचा नेम चांगला नाही. तीन वर्षं बघतो आहे, अर्धं पाणी नेहमी काचेच्या वरच्या काठावर पडतं. आणि नेमकं तेव्हाच मिस्त्री गाडीत बसून हरवलेली पेन्सिल शोधत असतात. पेन्सिल त्यांच्या कानावर असते. मी कधी सांगितलं नाही, वयाचा मान आहे.

सोमवार, १३ मे

(हे पान आठवून पुन्हा लिहिलं आहे. मूळ पानाचं काय झालं ते पुढे येईल.)

आज मिस्त्रींचा पुतण्या प्लामेन आला. तो सेवलिएवोत पाट्या रंगवतो, पण त्या धंद्यात आता काही राहिलं नाही असं त्यालाच म्हणताना मी ऐकलं आहे. त्याने शिडी लावून आमच्या दुकानाची पाटी मोजली आणि म्हणाला, "काका, दोन नावं आरामात बसतील."

"हळू बोल," मिस्त्री म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

खाली उतरल्यावर प्लामेनने मला माझं आडनाव नीट विचारून कागदावर लिहून घेतलं. कशाला, असं विचारल्यावर म्हणाला, "असंच."

माणसाचं आडनाव असंच कुणी लिहून घेत नाही. नोकरी संपताना कामाच्या पुस्तकात नोंद करायची असते, तिथे लागतं. दोन नावं म्हणजे देंचो आणि प्लामेन. काच उचलायच्या रबरी वाट्या आमच्याकडे चार आहेत, माणशी दोन. दुकान दोघांचं आहे, तिसऱ्याचं नाही. हिशेब चुकत नाही.

मी आज तीनदा हात धुतले.

मंगळवार, १४ मे

मिस्त्री गुडघ्यांना औषधी चिखल लावून घ्यायला दहा दिवस समुद्रकाठी पोमोरियेला गेले. निघताना सगळ्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या, आजवर कधी न दिलेली कपाटाची सुद्धा.

"फोन करू नकोस. कानात चिखल असेल."

"मोठं काम आलं तर?"

"ठरव तू."

"आणि चूक झाली तर, मिस्त्री?"

"तर ती तुझी होईल. चाळीस वर्षं सगळ्या माझ्याच होत्या, कंटाळा आला."

गेनाकाकू मिरच्यांची रोपं लावायची म्हणून मागे राहिल्या. त्यांनी बसपुढे कळशी ओतली. मिस्त्रींच्या बुटात पाणी गेलं.

कपाटाची किल्ली का दिली ते मला कळलं आहे. जाण्याआधी सामान मोजून द्यावं लागतं. संध्याकाळी मी सगळं मोजून ठेवलं. काच चिकटवण्याआधी काठाला लावायच्या प्रायमरची एक बाटली जास्त निघाली.

गुरुवार, १६ मे

आज मिंकोवाबाई आल्या. पाचवीपासून त्यांनी मला भाषा शिकवली. शाळेत मला पैकीच्या पैकी सहा मार्क फक्त त्यांच्याच वहीत मिळाले, शुद्धलेखनात. बाकी विषयांत दोन, म्हणजे नापास.

त्यांच्या गाडीवर खडीचा दगड उडाला होता. सकाळी वाटाण्याएवढा डाग होता, दुपारी वीतभर चीर झाली. गाडी त्यांच्या जर्मनीतल्या मुलाने दिली आहे. आरशामागे कॅमेरा आहे, तो काचेतून रस्त्याचे पट्टे बघतो आणि पुढे काही आडवं आलं तर आपणहून ब्रेक लावतो.

"म्हणजे तुझ्यासारखा," बाई म्हणाल्या. "मागे बसून सगळं बघतो आणि वेळेआधी घाबरतो."

मी दोन्ही भाव सांगितले. बाहेरची काच सहाशे लेव्हा, दोन-तीन दिवसांत. कंपनीची एकोणीसशे, आणि यायला कामाचे नऊ दिवस.

"नऊ दिवस नाहीत माझ्याकडे. चोवीस तारखेला अक्षरदिनाच्या मिरवणुकीत शाळेबरोबर चालायचं, आणि तिथून थेट रूसेला. पंचवीसला नातीचा शाळा संपल्याचा बॉल आहे, नाचाचा समारंभ. ती नटून घराबाहेर पडेल तेव्हा तिच्या पायापुढे पाणी मीच ओतणार. तिच्या आईला सांगितलं तर ती स्वतःच्याच पायावर ओतेल."

"हो बाई."

"आता सांग. तुझ्या आईची गाडी असती तर कुठली काच बसवली असतीस?"

"आईकडे गाडी नाही, बाई."

"व्राचेव."

मी म्हणालो, उद्या सांगतो.

ही गोष्ट साधी नाही. मिस्त्री असते तर त्यांनी एका शब्दात सांगितलं असतं आणि मी मान हलवली असती. बाहेरची बसवली आणि घाटात कॅमेऱ्याला नसलेलं काही दिसलं तर? कंपनीची मागवली तर बाईंचा रूसे चुकणार, आणि मग सगळं गाव म्हणणार की देंचो नव्हता तेव्हा त्याच्या माणसाने म्हाताऱ्या बाईला तिप्पट महाग काच गळ्यात मारली. दोन्हीकडून मीच जाणार. जायचंच असेल तर निदान काच तरी बरोबर बसवून जावं.

शुक्रवार, १७ मे

रात्री दोन्ही काचांची तुलना लिहून काढली, तीन पानं झाली. रंग, जाडी, मधला आवाज अडवणारा थर, कॅमेऱ्याची चौकट, काठ. बाई दुकानातल्या स्टुलावर बसून चष्मा लावून सगळं वाचत होत्या.

"शुद्धलेखन निर्दोष आहे. निर्णय कुठे आहे?"

"चौथ्या पानावर येणार होता."

"मी निबंध मागितला नव्हता."

मग मला जे खरं वाटतं ते सांगितलं. बाहेरची म्हणजे एक काच नाही. काही बाहेरच्या काचा कंपनीच्याच भट्टीतून निघतात, फक्त कोपऱ्यात शिक्का नसतो. काही अशा की त्यातून बघितलं तर विजेचा खांब पोटात दुखल्यासारखा वाकतो. कुठली हातात येईल ते आधी सांगता येत नाही. जी येईल ती बघावी लागेल.

"मग आण आणि बघ," बाई म्हणाल्या. "उत्तरपत्रिका न बघता मी कुणाला मार्क दिलेले नाहीत. वडील कोण आहेत ते बघूनही नाही."

बाईंनी जाताना विचारलं, "तुझं बरं चाललं आहे ना इथे?" मी हो म्हणालो. त्या बघत राहिल्या.

सोमवार, २० मे

प्लेवेनहून माल आणणारा वाल्चो सकाळी काच देऊन गेला. मी ती स्टँडवर उभी केली. काच कशी तपासायची ते मिस्त्रींनी कधी शिकवलं नाही, ते नुसतं डोळे बारीक करून बघतात. मला तेवढ्यावर भरवसा येत नाही. म्हणून या वहीतलं एका बाजूने कोरं असलेलं पान फाडून समोरच्या भिंतीवर लावलं आणि काचेतून चौकटी बघितल्या. पानाच्या मागच्या बाजूला १३ तारखेचं लिखाण होतं, पण ती बाजू भिंतीकडे होती.

ड्रायव्हरपुढे चौकटी सरळ दिसल्या. आरशामागे, जिथून कॅमेरा बघणार तिथे, त्या पोहत होत्या. मी डोकं हलवलं की पोहायच्या, थांबलं की थांबायच्या. अकरा वेळा बघितलं. मग वाल्चोला फोन केला.

"काच परत ने."

"फुटली?"

"नाही. चौकटी वाकतात."

"कसल्या चौकटी?"

"वहीच्या."

"अरे, लोक काचेतून रस्ता बघतात, गणिताचा पेपर नाही. अशा चाळीस काचा विकल्या मी, एकानेही परत केली नाही."

"त्या चाळीस जणांनी पान लावून बघितलं नसेल."

"देंचो कुठे आहे?"

"चिखलात."

"त्याने तुला दुकान दिलं आणि तू माझी झोप घालवलीस," असं म्हणून वाल्चोने फोन ठेवला. दुपारी मात्र त्याचाच फोन आला: दुसऱ्या कारखान्याची एक काच आहे, उद्या आणतो, पण तीही पसंत पडली नाही तर मी त्याचा जावई होऊन पळून जावं. याचा अर्थ मला लागला नाही. वाल्चोला मुलगी नाही.

मंगळवार, २१ मे

दुसरी काच आली. पान भिंतीवरच होतं. चौकटी सरळ. कॅमेऱ्याच्या जागी सरळ, कडांना सरळ, डोकं हलवलं तरी सरळ. जुन्या काचेवर ठेवून बघितली, काठाला काठ जुळला. कॅमेऱ्याची चौकट मापाने मोजली, कुठे केसाचाही फरक नाही. शिक्का फक्त वेगळा.

बाई आल्या, त्यांनीही काचेतून बघितलं. मी म्हणालो, "बाई, आईची गाडी असती तर ही बसवली असती. कालची बसवली नसती. कॅमेरा टर्नोवोच्या गॅरेजात नव्या काचेला जुळवून घेऊ. तिथे जुळला नाही तर ही काच मी परत काढेन, आणि तुम्ही रूसेला बसने जाल."

"हे झालं उत्तर," बाई म्हणाल्या. मग भिंतीजवळ जाऊन त्यांनी पान काढलं, उलटं केलं, आणि पर्समध्ये टाकलं.

"ते पान माझ्या वहीतलं आहे, बाई."

"माहीत आहे. तपासून देते."

मला घाम फुटला. पण शिक्षकाने तपासायला घेतलेलं पान परत मागायचं नसतं.

बुधवार, २२ मे

काच बसवली. जुनी काच तारेने कापून काढली, जुनं सीलंट, म्हणजे काच चिकटवायचा रबरी डिंक, खरवडलं, प्रायमर लावला, नव्या सीलंटची रेघ ओढायला घेतली. वरच्या उजव्या कोपऱ्यात पोचलो आणि फोन वाजला. वाल्चो. "ही तरी आवडली का युवराजांना?" हो म्हणून फोन ठेवला आणि रेघ पुढे जोडली.

काच उचलायला दुसऱ्या दोन वाट्या गेनाकाकूंनी धरल्या. हाताला मिरचीच्या रोपांची माती होती, पण काच तसूभर हलली नाही. म्हणाल्या, "चाळीस वर्षं धरतेय. आता मलाही कंटाळा आला. गालिन, तुला जिरेनियम आवडतं का रे?"

"आवडतं."

"मग बरं," असं म्हणून त्या हसत घरी गेल्या. का विचारलं असेल?

गुरुवार, २३ मे

बाईंची गाडी टर्नोवोला नेली. ज्या गॅरेजात कॅमेरा जुळवतात तिथे गाडीपुढे ठिपक्यांचा फळा उभा करतात आणि यंत्र जोडतात. यंत्राने पहिल्यांदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदाही नाही. मला वाटलं काच. वाल्चोची, बाहेरची, माझी निवड.

तिथला माणूस गाडीभोवती फिरला. "मागून एवढी का बसली आहे ही?"

डिकी उघडली. बाईंनी रूसेला न्यायच्या बरण्या आधीच भरून ठेवल्या होत्या. मिरच्यांची लुतेनित्सा चटणी, लोणच्याच्या काकड्या, प्लमचा मुरंबा. बासष्ट बरण्या.

"मास्तरीणबाईंची दिसते गाडी," तो माणूस म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"सगळ्यांना तारखेच्या चिठ्ठ्या लावल्या आहेत. प्रवासात भार चालतो, जुळवताना गाडी सपाट हवी. काढा."

बासष्ट बरण्या काढल्या, फरशीवर तारखेप्रमाणे लावल्या. यंत्राने हो म्हटलं. बासष्ट बरण्या परत भरल्या. त्या माणसाला एक मुरंब्याची दिली, म्हणून एकसष्ट. संध्याकाळी बाईंना फोन करून ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "२०२१ ची दिलीस ना? ती आंबट होती."

परत येताना पट्टे ओलांडून बघितले, गाडीने बरोबर तक्रार केली. बऱ्याच दिवसांनी मी गाणं म्हटलं. एकटा होतो.

शुक्रवार, २४ मे

आजचं सगळं नीट लिहिलं पाहिजे.

आज अक्षरदिन. बाई साडेआठला गाडी न्यायला आल्या, पांढरा ब्लाउज, हातात जुन्या विद्यार्थ्यांनी दिलेले पिओनीचे गुच्छ. मीही तीन फुलं नेली होती, ती मागे लपवून ठेवली होती, कारण बाकीच्यांची मोठी होती. बाईंनी मागे हात घालून घेतली.

गेनाकाकू कळशी घेऊन आल्या. मला वाटलं, मिस्त्री नाहीत पण पद्धत तर तीच पाळली पाहिजे, एखादी गोष्ट सुटायला नको. म्हणून मी गाडीत बसलो आणि पेन्सिल शोधू लागलो. माझी पेन्सिल हरवलेली नव्हती, तरी खाली वाकलो. काकूंनी पाणी ओतलं. अर्धं रस्त्यावर, अर्धं काचेच्या वरच्या काठावर.

माझ्या मानेवर एक थेंब पडला.

मग दुसरा.

वर बघितलं. वरच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी आत येत होतं. तिथे बसून मला तीन वर्षं दोन महिन्यांचा उलगडा झाला. काकूंचा नेम कधीच चुकत नव्हता आणि मिस्त्रींची पेन्सिल कधीच हरवली नव्हती. गिऱ्हाइकासमोर गाडीवर नळी सोडून गळते का बघितलं तर गिऱ्हाईक घाबरतं. शुभशकुनाचं पाणी टाकलं तर आभार मानतं. वर नळीचं पाणीही वाचतं.

बाहेर बाई हातात फुलं घेऊन उभ्या होत्या. चार दिवसांपासून हवा कोरडी आहे. मी गप्प बसलो असतो तर त्या रूसेला कोरड्या पोचल्या असत्या. हा विचार माझ्या मनात आला, तो इथे लिहून ठेवतो.

आणखी एक आला. वाल्चोच्या काचेवर ढकलता आलं असतं. बाहेरची काच होती, काठ बसत नाही म्हणालो असतो तर सगळ्यांनी मान्य केलं असतं. पण काठ मी स्वतः मोजला होता. तो कोपरा फोनच्या वेळचा होता.

उतरलो आणि म्हणालो, "बाई, गळतंय. काच चांगली आहे. सीलंटची रेघ माझ्या हातून तुटली, फोन घेतला म्हणून. मला तीन तास लागतील."

गेनाकाकूंनी कळशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

बाईंनी घड्याळ बघितलं. "मिरवणूक बारापर्यंत चालेल. मी पायी जाते. फुलं बादलीत ठेव."

मी कोपरा उघडला, साफ केला, नवी रेघ दिली. फोन बंद करून कपाटात ठेवून कुलूप लावलं. बाहेरून मिरवणुकीचा बँड ऐकू येत होता. सव्वाबाराला बाई परत आल्या. मी त्यांना थोडा वेळ थांबवून ठेवलं, सीलंट घट्ट धरेपर्यंत. मग गाडीत बसलो. या वेळी पेन्सिल शोधायचं नाटक केलं नाही, नुसता वर बघत बसलो. काकूंनी अख्खी कळशी ओतली. मग दुसरी.

कोरडं.

निघताना बाईंनी खिडकीतून माझं पान परत दिलं. मी ते इथे चिकटवतो आहे. खाली लाल शाईने लिहिलं आहे:

शुद्धलेखन: ६. निष्कर्ष: २.

कुठला निष्कर्ष ते समजलं नाही. काचेचा असावा. पण मग काच नेली कशाला?

शनिवार, २५ मे

मिस्त्री आले. चिखलाने गुडघे सुधारले, पण बसचं तिकीट महाग झालं म्हणून पुन्हा दुखू लागले असं म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं, गळतीसुद्धा.

"कुठला कोपरा?"

"वरचा, उजवा."

"माझी पहिली पण तिथेच गळली होती," ते म्हणाले. "मी मात्र गिऱ्हाइकाला पाऊस पडल्यावर सांगितलं." मग खूप वेळ हसले. माणूस वाईट बातमी द्यायच्या आधी असं हसतो.

आणि ती मिळालीच. दुपारी सामान ठेवायला त्यांच्या अंगणात गेलो तर गेनाकाकू चुलीतली राख आणि मीठ घेऊन कळशी घासत होत्या. आतून मिस्त्री म्हणत होते, "चांगली घास. सोमवारी गालिनसाठी पाणी ओतायचं आहे."

मी उलट्या पावली परत आलो.

पाणी निघणाऱ्या माणसापुढे ओततात. बसला जाणाऱ्यापुढे, बॉलला जाणाऱ्या नातीपुढे, गाडीपुढे. इतक्या प्रेमाने काढत आहेत, हे मात्र खरं. शिवी देऊन काढणारेही असतात.

रविवार, २६ मे

एप्रन धुऊन इस्त्री केला. माझी स्वतःची हत्यारं पिशवीत भरली: खरवडणी, दोन पाती, तारेचा गुंडाळा. मापपट्टी दुकानाची की माझी ते आठवत नाही, म्हणून ती परत करतो आहे. कपाटातल्या सामानाची यादी स्वच्छ लिहून काढली. प्रायमरची एक बाटली अजून जास्तच येते.

आईने विचारलं, "कुठे चाललास?" म्हटलं, उद्या कळेल. तिनेही मान वळवून हसणं लपवल्यासारखं केलं. सगळ्यांना माहीत आहे असं दिसतं.

सोमवार, २७ मे

आठला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. पिशवी खांद्यावर, इस्त्री केलेला एप्रन हातावर. पाटीवर चादर टाकलेली होती. प्लामेन शिडीवर होता, मिस्त्री आणि काकू दारात. त्सोन्योकाका कसे आले होते कोण जाणे, फुकट काही असलं की त्यांना कळतं.

दाराच्या उंबऱ्यावर कळशी ठेवली होती, चकचकीत, भरलेली, त्यात जिरेनियमची डहाळी.

मी पुढे जाऊन यादी मिस्त्रींच्या हातात दिली. "सामान मोजलं आहे. प्रायमर एक जास्त आहे. तीन वर्षांबद्दल आभारी आहे."

मिस्त्रींनी यादी वाचली, मग पिशवी बघितली, मग एप्रन. "हे काय आहे?"

"माझी हत्यारं."

"ती कळली. कुठे चालली आहेत?"

"तुम्ही पाणी ओतणार ना," मी म्हणालो. "निघणाऱ्यासाठी."

मग गेनाकाकू म्हणाल्या, "देवा, म्हणून परवा अंगणातून पळाला हा," आणि एप्रनने तोंड झाकून खाली बसल्या.

"गाढवा," मिस्त्री म्हणाले, "कळशी बघ कुठे आहे ती. निघणाऱ्यासाठी असती तर रस्त्यावर ठेवली असती. उंबऱ्यावर आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला पाय मारायला कुठे ठेवतात? आत जायचं आहे तुला. लाथ मार आणि चल."

शाळेचा पहिला दिवस मी विसरलो होतो. शाळाच माझी अर्धी राहिली.

मी लाथ मारली. जरा जपून मारली, तर कळशी डुलली आणि पडली नाही. "जोरात," त्सोन्योकाका म्हणाले, "भाड्याची नाही ती." दुसऱ्यांदा पडली. पाणी आत पसरलं, मी त्यावरून आत गेलो, आणि वर प्लामेनने चादर ओढली. आत गेल्यामुळे मला पाटी दिसली नाही, म्हणून पुन्हा बाहेर यावं लागलं. काकूंना ते अपशकुनाचं वाटलं, म्हणून परत आत पाठवलं.

पाटी जुनीच आहे, उलटी करून मागच्या बाजूला रंगवली आहे. लिहिलं आहे: देंचो आणि व्राचेव. गाड्यांच्या काचा. कंपनीच्या आणि बाहेरच्या, बघून.

"'बघून' हा शब्द तुझा," मिस्त्री म्हणाले. "वाल्चोने मला पोमोरियेला फोन करून तासभर तुझी तक्रार केली. कानात चिखल होता तरी ऐकू आली. त्या दिवशीच प्लामेनला सांगितलं, एक शब्द वाढव."

"पण प्लामेन इथे येणार नाही का?"

"मी?" प्लामेन शिडीवरून म्हणाला. "मला काचेची भीती वाटते."

मग मिस्त्रींनी नळावर कळशी पुन्हा थोडी भरली, माझ्या डोक्यावर ओतली, आणि माझ्या चेहऱ्याकडे वाकून बारीक डोळ्यांनी बघितलं, अगदी काचेकडे बघतात तसं.

"गळत नाही," ते म्हणाले.

ते खरं नव्हतं. पण वरून एवढं पाणी पडत होतं की कोणतं कुठलं ते त्यांना कळलं नसावं.

दुपारी बाईंचा रूसेहून फोन आला. नात छान दिसली, पाणी नीट ओतलं, काल इथे धो धो पाऊस पडला आणि गाडी कोरडी आहे.

"बाई, तो निष्कर्ष," मी म्हणालो. "आता कळला."

"मग तीन देते."

तीन म्हणजे पास. मी म्हणालो, चार द्या ना. बाई म्हणाल्या, "पुढच्या चाचणीत बघू," आणि फोन ठेवला.

ती जास्तीची प्रायमरची बाटली त्सोन्योकाकांनी मागितली. दिली नाही. दुकानाची आहे.